मुरमावर पडायचं नसतं

सोलापूरचा गोलकीपर पडत नाही. ही बढाई नव्हे, मैदानाची गोष्ट आहे. आमच्या क्लबचं मैदान म्हणजे बंद पडलेल्या एका मिलच्या भिंतीमागचा मोकळा तुकडा. त्यावर गवत उगवल्याचं मी उभ्या हयातीत पाहिलेलं नाही. खाली लाल मुरूम, वर सोलापूरचं ऊन. टीव्हीवरचे कीपर हवेत झेपावतात आणि हिरवळीवर अलगद लोळतात. तसं आमच्याकडे कुणी केलं, तर कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी मैदानालाच राहते. पोरगं एकदा करतं, दुसऱ्यांदा करत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. आमचं अंगण खरोखरच वाकडं होतं आणि नाचायला आम्ही त्याच्यावरच शिकलो.

मी एका शाळेत खेळाचा शिक्षक होतो आणि संध्याकाळी हा क्लब चालवायचो. शाळेतून निवृत्त झालो, क्लबातून मला अजून कुणी केलेलं नाही. शिक्षकांच्या खोलीत मला 'शिट्टी मास्तर' म्हणत. गणिताच्या मास्तरांना कुणी कधी 'खडू मास्तर' म्हटल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही. असो. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "तुमच्या क्लबातली पोरं कॉलेजांत कशी जातात ते लिहा, पण दिवाळी आहे, जरा गोड लिहा." गोडाला फराळ आहेच. मी आपलं घडलं तसं लिहितो.

आधी काम समजावून सांगतो. कॉलेजांत खेळाडूंसाठी काही जागा असतात. संघ जिंकला की कॉलेजचं नाव होतं, म्हणून चांगल्या खेळाडूला प्रवेश मिळतो, फी माफ होते, होस्टेल आणि मेसची सोय होते. ज्या घराची पोराला पुण्यात ठेवायची ऐपत नाही, त्या घराला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, चांगलं खेळलं की निवड झाली. तसं नसतं. दर वर्षी जुनी पोरं पास होऊन बाहेर पडतात आणि संघाला भोकं पडतात. उन्हाळ्यात कॉलेजांतल्या क्रीडा विभागाचे सर-मॅडम आम्हाला फोन करतात, ते ही भोकं बुजवायला. "चांगला खेळाडू आहे का?" असं ते विचारत नाहीत. "डावा बॅक आहे का?" "उंच मुलगी आहे का, हेडिंग करणारी?" असं विचारतात. लग्नासाठी मुलगी बघणारी मंडळी उंची आणि रंग विचारतात ना, तसंच. यात मुलीकडचा माणूस मी. स्थळ बघायचं, मुलीला चारचौघांत उभी करायची, आणि पलीकडच्यांना जे हवं ते हिच्यात आहेच, असं हसून सांगायचं.

मोडनिंबचा एक पोरगा होता, आमचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड. गोलचा वास यायचा त्याला. त्या वर्षी कोल्हापूरच्या एका कॉलेजला फक्त डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूने बचाव करणारा, हवा होता. मी त्याला विचारलं, "डावखुरा आहेस का रे?"

"पायानं न्हाय सर. पर जेवताना डाव्या हातानं जेवतो."

"मग झालंच," मी म्हणालो.

उन्हाळाभर त्याच्याकडून डाव्या पायाने मिलच्या भिंतीवर चेंडू मारून घेतले. त्याची निवड झाली. पदवी घेऊन परत आला, आता चांगल्या नोकरीत आहे, दिवाळीला पेढे घेऊन येतो. तिथे त्याने एकही गोल मारला नाही, कारण बॅकने मारायचा नसतो. गोल मारायची ती भूक कुठे गेली, हे मी त्याला विचारलेलं नाही. त्यानेही कधी विषय काढला नाही.

एकेक गिऱ्हाईकही असं यायचं की विचारू नका. वैरागचे एक आडत दुकानदार मुलाला घेऊन आले. मुलगा चांगला गुटगुटीत. म्हणाले, "सर, पोरगं खेळत न्हाय, पर खेळाडू हाय."

"म्हणजे काय?"

"म्हंजे बूट घेतल्यात की त्याला. लई भारीतले."

"मग बुटांनाच पाठवा कोट्यातून," असं मी म्हणालो, तर ते रागावले नाहीत. "तसं जमतं का बगा," म्हणाले.

क्लबात कीपर घडवायचं काम रफीकभाईंचं. दिवसा ते रिक्षा चालवत आणि संध्याकाळी ती गोलच्या मागे आडवी लावत. आमच्याकडे जाळी नव्हती, तेव्हा गोलची जाळी म्हणजे ती रिक्षा. तरुणपणी ते स्वतः कीपर होते आणि त्यांची विद्या एका वाक्यात मावायची: "गिरने का नै, पोंचने का." पडायचं नाही, पोचायचं. चेंडू सुटल्यावर झेपावणारा कीपर म्हणजे ज्याला आधी कळलं नाही तो, असं त्यांचं म्हणणं. मारणाऱ्याचा टेकलेला पाय कुठे वळलाय, कंबर कुठे चाललीय, हे वाचायचं आणि चेंडू निघायच्या आत दोन पावलं तिकडे सरकून उभं राहायचं. सरावही अजब. मारणारा पळत यायचा, पाय मागे न्यायचा, आणि रफीकभाई ओरडायचे, "रुक!" तो जागच्या जागी थांबायचा. मग कीपरला प्रश्न: "किधर?" कीपरने सांगायचं, उजवीकडे की डावीकडे. मग म्हणायचे, "मार." आणि चेंडू खरंच कुठे जातो ते सगळे बघायचे.

या प्रश्नाला कधी न चुकणारी एकच मुलगी मी पाहिली. रेणुका तिचं नाव.

रेणुका सोलापूरच्या पूर्व भागातली. तिचे वडील टॉवेलच्या कारखान्यात माग चालवत, आई घरी विड्या वळायची. घरात बोलणं तेलुगू. चुलतभावाला बोलवायला म्हणून मैदानावर आली होती. त्या दिवशी आमचा कीपर आला नव्हता आणि ही पोरांपेक्षा उंच, म्हणून रफीकभाईंनी तिला गोलमध्ये उभं केलं. पुढं ती तिथून हललीच नाही. हात पुसायला कारखान्यातला टॉवेलचा तुकडा कमरेला खोचायची. तिचा खेळ बघणं म्हणजे, खरं सांगू का, कंटाळवाणं होतं. समोरची मुलगी जीव खाऊन मारायची आणि चेंडू जाऊन हिच्या पोटाशी विसावायचा. दर वेळी. ही कधी धावलीय, घाबरलीय, असं दिसायचंच नाही. जिल्ह्यातल्या मुली म्हणायच्या, "तिच्याकडं मारूच नका गं, दुसरीकडं मारा." पण दुसरीकडे मारलं तरी ही तिथे असायची.

बारावीच्या वर्षी मी तिच्या घरी गेलो. आई दारातल्या उजेडात बसली होती. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. माझ्याशी बोलताना मान वर केली, पण बोटं थांबली नाहीत.

"सर, पुण्याला पाठवायचं म्हणताय म्हणे हिला."

"जागा मिळाली तर. प्रयत्न करायचा आहे."

"हे सूप माझ्या मांडीवर आलं तवा मी हिच्याएवढी पण नव्हते. माझ्या अम्माच्या मांडीवरून आलं. हिच्या मांडीवर येऊ नये, एवढं बघा तुम्ही. फुटबॉल-बिटबॉल मला काय कळत नाय."

रेणुका चहा घेऊन उभी होती. मी विचारलं, "तुला काय व्हायचंय गं?"

"तुमच्यासारखं व्हायचंय की सर. शिट्टीवाली."

आयुष्यभर ज्या शब्दाने माझं डोकं उठवलं, तो शब्द त्या दिवशी मला पहिल्यांदा बरा वाटला. पदवी, मग खेळाच्या शिक्षणाचा कोर्स, मग एखाद्या शाळेत नोकरी, असा तिचा हिशेब होता. आणि त्याचं पहिलं दार पुण्यात होतं.

त्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका कॉलेजला मुलींच्या संघासाठी कीपर हवी होती. तिथल्या क्रीडा विभागाच्या मॅडमनी फोनवर सांगितलं, "व्हिडिओ पाठवा, मग ट्रायलला बोलावते." हल्ली असंच आहे. पूर्वी आमच्या शब्दावर पोरं घेत, आता दोन मिनिटांची फिल्म लागते. माझ्या पुतण्याने मोबाइलवर रेणुकाचे सामने काढले होते. त्यातले उत्तमोत्तम गोल वाचवलेले तुकडे जोडून आम्ही पाठवले.

मॅडमचा फोन आला. "सर, ही मुलगी करते काय? सगळ्या जणी चेंडू हिच्या अंगावरच मारतात का?"

मी समजावू लागलो. मॅडमनी ऐकून घेतलं. वाईट बाई नव्हत्या त्या. म्हणाल्या, "असेल. पण निवड समितीत मी एकटी नाही. समितीला डाइव्ह दिसली पाहिजे. आणि सर, वरच्या लेव्हलला कोपऱ्यातला चेंडू उभ्याने मिळत नाही हो." हेही खोटं नव्हतं. त्याच वर्षी एका सामन्यात खांबाला चाटून गेलेला एक चेंडू रेणुकाला दिसला होता, कळला होता, आणि तरी हाताला लागला नव्हता. तिथे झेपच हवी होती.

मी रफीकभाईंना म्हणालो, "भाई, पोरीला डाइव्ह शिकवावी लागेल."

"मुरूम पे? चमडी निकलेगी बच्ची की."

"खाली काहीतरी मऊ घालू."

"सर, बात मऊ की नै. आदत की है. एक बार गिरने की आदत लगी, तो फिर आँख काम नै करती, बदन काम करता. मैं नै सिखाता."

आमचं चांगलंच वाजलं. ते म्हणाले, तुम्ही पोरीला विकायला बसलात. मी म्हणालो, तुम्ही तुमच्या विद्येसाठी पोरीला घरी बसवाल. रेणुका टॉवेलच्या तुकड्याने हात पुसत ऐकत होती. शेवटी तीच म्हणाली, "भाई, तुम्हीच शिकवा. नाहीतर मी मोबाइलवर बघून शिकीन, आणि चुकीचं शिकीन."

रफीकभाई उठले आणि पावलांनी गोल मोजू लागले.

मऊ काय घालायचं याचं उत्तर तिच्या वडिलांनी आणलं. मागावर सुताचं वेस्ट निघतं, तुटके धागे, गुंते, पुंजके. कारखान्याच्या मालकाला विचारून त्यांनी वेस्टची पोती हातगाडीवरून आणली. गोलमध्ये पोती अंथरून वर ताडपत्री टाकली आणि रेणुका त्यावर पडायला शिकली. शिकवायचं ठरल्यावर रफीकभाईंनी हात राखला नाही. आधी हात चेंडूकडे, मग खांदा, मग कूस, कोपर कधीच खाली टेकवायचं नाही. पोत्यांतून सूत बाहेर यायचं आणि तिच्या घामेजल्या अंगाला चिकटायचं. घरी जाताना ती नखशिखांत पांढऱ्या पुंजक्यांनी भरलेली असायची. वडीलही कामावरून तसेच पांढरे होऊन येत. आई म्हणायची, दोघं एकाच कारखान्यात जाता की काय.

मग दुसरी फिल्म काढली. आता इथे धंद्यातलं एक गुपित सांगतो. अशा फिल्मसाठी पोरांना आधीच सांगून ठेवतात, चेंडू कोपऱ्यात मारा, फार जोरात नको, फार हळूही नको. सगळे क्लब करतात, आम्हीही केलं. रेणुका उडतेय, पोत्यांवर कोसळतेय, धाग्यांचा धुरळा उठतोय. बघणाऱ्याच्या तोंडून "वा!" निघालंच पाहिजे. मॅडमनी त्याच दिवशी ट्रायलला बोलावलं.

ट्रायलला आम्ही तिघं एसटीने गेलो. तिथलं मैदान टर्फचं, हिरवंगार. रेणुकाने खाली बसून त्यावर तळहात फिरवला आणि आमच्याकडे बघून हसली. मग मुद्दाम एकदा पडून बघितलं. उठली, कोपर उलटसुलट करून पाहिलं. "भाई, काहीच झालं नाय की!" ती ओरडली. रफीकभाई कोरडे हसले.

ट्रायलमध्ये ती सुरेख खेळली. कोपऱ्यातले दोन-तीन चेंडू असे काढले की समितीतले एक जाडे गृहस्थ खुर्चीतून उठले. मला मात्र एक चेंडू आठवतो. मारणाऱ्या मुलीने पाय मागे नेला, तेव्हाच मला दिसलं की रेणुकाला कळलंय. तिची मान तिकडे वळली होती. एक पाऊल टाकलं असतं तर चेंडू पोटाशी आला असता. पण ती थांबली, चेंडू सुटू दिला आणि मग झेप घेतली. चेंडू हाताला लागून बाहेर गेला, समोरच्यांना कॉर्नर मिळाला आणि त्या कॉर्नरवर गोल झाला. समितीने टाळ्या वाजवल्या त्या झेपेला. गोलकडे कुणी लक्ष दिलं नाही.

निवड झाली. परतीच्या गाडीत रेणुका खिडकीला डोकं टेकून झोपली. रफीकभाई म्हणाले, "उसको मालूम था बॉल किधर आ रा. फिर भी गिरी."

"भाई, सीट मिळाली ना?"

"हौ," ते म्हणाले, "सीट मिली."

जून संपताना तिची पेटी घेऊन वडील पुण्याला जाऊन आले. आईने आमच्या घरी पेढे आणि गरम पुरणपोळ्या पाठवल्या. मी शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना मुद्दाम फोन करून सांगितलं. अभिमान माणसाला पोरकट करतो.

पहिलं वर्ष ती बाकावर बसली. तिच्या आधीची एक कीपर तिथे होती, शेवटच्या वर्षाची. मग हिला घेतलं कशाला? कारण पुढच्या वर्षाची सोय आताच करून ठेवायची असते आणि आपण नाही घेतलं तर शेजारचं कॉलेज घेतं. यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. लोणचं घालणारी बाईही वर्षाचा विचार करूनच बरण्या भरते. फक्त त्या वर्षात बरणीतल्या फोडीला काय वाटतं, ते कुणी विचारत नाही. तिथल्या सरावात तिच्याकडून रोज टर्फवर पडायचे व्यायाम करून घेत. डावीकडे पड, ऊठ, उजवीकडे पड, ऊठ. फोनवर ती खूश असायची. मेसचं जेवण, होस्टेलच्या मैत्रिणी, अभ्यासही चांगला चालला होता. सुट्टीत घरी आली की आई तिला सुपाला हात लावू देत नसे.

दुसऱ्या वर्षी तिला जागा मिळाली आणि पहिल्याच मोठ्या स्पर्धेत घात झाला. तिथल्या फॉरवर्ड मुली शहाण्या. त्या पाय उचलायच्या, मारल्यासारखं करायच्या आणि थांबायच्या. रेणुका झेपावायची. मग त्या मुली रिकाम्या झालेल्या बाजूने चेंडू सावकाश ढकलून द्यायच्या. एका मुलीने केलं, मग सगळ्यांनी केलं. अशा गोष्टी मैदानात लपत नाहीत.

तिचा फोन आला तेव्हा मी आणि रफीकभाई मैदानावरच होतो. तिचा आवाज बसला होता. "सर, इथं नवीन कोच आलेत. ते म्हणतात, तू फार लवकर पडतेस. उभी राहायला शीक. चेंडू निघायच्या आधी ओळखायला शीक, म्हणतात."

 मी फोन रफीकभाईंच्या हातात दिला. ते नुसते ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, "हौ बेटा. सही बोल रे वो." आणि फोन मला परत दिला. मी त्यांच्याकडून टोमण्याची वाट बघत होतो. टोमणा आला असता तर मला बरं वाटलं असतं.

तिने प्रयत्न केला. पण पोत्यांवर आणि टर्फवर जे अंगात भिनलं होतं ते निघेना. पुढचे सामने तिने बाकावरून पाहिले. या जागांचा नियम साधा असतो, संघात आहे तोवर सवलत. वर्ष संपताना मॅडमनी मला स्वतः फोन केला. कोल्हापूरची एक उंच मुलगी मिळाली होती. "रेणुका गुणी आहे हो, पण माझ्याही हातात नाही. कॉलेजमधून काढत नाही, राहू दे तिला, फक्त फी आणि होस्टेल आता..." मी म्हणालो, समजलं. होस्टेल सुटलं म्हणजे पुणं सुटलं.

रेणुका परत आली. शेवटचं वर्ष घरून परीक्षा देऊन करते म्हणाली. एके दिवशी सकाळी मी काही पुस्तकं द्यायला तिच्या घरी गेलो. दारातल्या उजेडात दोघी समोरासमोर बसल्या होत्या. दोघींच्या मांडीवर सूप. मला पाहून आईने मान खाली घातली. मी आणलेली पुस्तकं उंबऱ्यावर ठेवली, चहा नको म्हणालो आणि निघालो. त्या बाई मला एखादा शब्द बोलल्या असत्या तरी चाललं असतं. 

ती मैदानावर यायला लागली ती दोन-तीन महिन्यांनी, विड्या कारखान्यात देऊन झाल्या की. लहान मुलींना गोलमध्ये उभ्या करून शिकवायची. खिशात शिट्टी असायची, माझीच जुनी. पहिल्या दिवशी रफीकभाईंनी तिलाच गोलमध्ये जायला सांगितलं. एका पोराला पळत यायला लावलं आणि ओरडले, "रुक!" मग तिला विचारलं, "किधर?"

"डावीकडे," ती म्हणाली.

"मार."

चेंडू डावीकडेच आला. एका पावलावर होता. आणि ती पडली. मुरमावर, पोती नाहीत, ताडपत्री नाही. धप्प आवाज आला. चेंडू तिने अडवला होता, पण उठली तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत लाल झालं होतं आणि त्यात मुरमाचे बारीक खडे रुतले होते. रफीकभाईंनी रिक्षातून पाण्याचा कॅन आणला आणि तिच्या हातावर धार धरली.

"मालूम था ना तेरे कू?"

"माहीत असतं भाई," ती म्हणाली, "अंग थांबत नाय."

हे गेल्या हिवाळ्यातलं. आता यंदाच्या उन्हाळ्यातलं सांगतो आणि थांबतो. वळसंगची एक मुलगी आमच्याकडे कीपर आहे, भाग्यश्री. इथे मावशीकडे राहते, घरी कानडी बोलते, बारावीची परीक्षा नुकतीच दिली होती. रेणुकाने तिला तयार केलीय आणि अगदी रफीकभाईंच्या जुन्या पद्धतीने. दोन पावलं आणि चेंडू पोटाशी. बघायला कंटाळा येतो, म्हणजे किती चांगली असेल ते समजा. मे महिन्यात मला फोन आला. पुण्याचंच कॉलेज, पण दुसरं. सर होते. "कीपर आहे का एखादी? व्हिडिओ पाठवा. आणि सर, डाइव्ह मारणारी बघा."

संध्याकाळी मैदानावर मी ते तिघांना सांगितलं. रफीकभाई रिक्षाच्या पायरीवर बसले होते. मी म्हणालो, "मी नाही म्हणून कळवतो. पुन्हा तेच नको." मला वाटलं, हेच ऐकायला रेणुका थांबलीय.

भाग्यश्रीचा चेहरा उतरला. "सर, मला हितंच टाकू नका की," ती म्हणाली. "घरचे म्हणत्यात, बारावी झाली आता पुरे. शेतात चल. पुन्यात जागा मिळाली तरच पुढं शिकू देत्यात."

मी रेणुकाकडे पाहिलं. तिने मनगटावरच्या पांढुरक्या डागावरून बोट फिरवलं. जखम भरली होती, खडे गेले नव्हते. म्हणाली, "सर, पोती अजून क्लबच्या खोलीत आहेत ना?"

"आहेत. पण तुझं झालं ते..."

"दोन वर्षं मी सूप हातात घेतलं नाय सर. दोन वर्षं तरी मिळाली की. पोती काढा."

 भाग्यश्री गोलमध्ये जाऊन उभी राहिली. रफीकभाई उठले आणि खोलीची किल्ली शोधायला लागले. किल्ली त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात होती. मला दिसत होती, त्यांनाही माहीत होती. तरी ते बराच वेळ रिक्षात, सीटखाली, पाण्याच्या कॅनमागे ती शोधत राहिले.